जोडीचा प्रोसेसर

मशीन पुन्हा अडकलं तेव्हा पडद्यावर नवरी मांडवात येत होती. मामानं तिचा दंड धरलेला, तिचा एक पाय उचललेला, आणि तो तसाच हवेत राहिला. दिपालीनं माउस हलवला. बाण जागचा हलेना. तिनं कीबोर्डावरची एकेक कळ दाबून पाहिली, मग खुर्ची मागे सारून उठली आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागली.

"गेलं का?" बाहेरच्या खोलीतून निकेशनं विचारलं.

"गेलं."

निकेश तिचा नवरा. लग्नांची शूटिंग तो करायचा आणि घरी आणलेल्या कॅसेटी कापून-जोडून त्यातून लग्न उभं करायचं काम दिपालीचं. वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेत घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा स्टुडिओ होता. २००३ सालचा मे महिना, लग्नांचा हंगाम ऐन भरात. सदाशिवरावांच्या मुलीचं लग्न सगळ्यात आधी द्यायचं होतं, कारण मुलगी नवऱ्याबरोबर मस्कतला चालली होती आणि लग्नाच्या सीड्या तिला सोबत न्यायच्या होत्या. सदाशिवराव रोज चक्कर मारायचे. रागावत नसत. नुसते दारात उभे राहून "झालं का बाई?" एवढंच विचारत आणि जात. दिपालीला वाटायचं, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तिचं मशीन साधं नव्हतं. नेहमीच्या कंप्युटरात एक प्रोसेसर असतो. हिच्या बोर्डावर दोन शेजारी शेजारी बसायचे. जोडलेल्या लग्नाची सलग फिल्म तयार करायला लावली की एकट्या प्रोसेसरला दिवस पुरायचा नाही, दोघांत काम वाटलं की निम्म्या वेळात उरकायचं. पहिला प्रोसेसर मशीनबरोबर आलेला. दुसरा गेल्या दिवाळीत नागपूरहून मागवलेला, पेंटियम थ्रीच, स्पीडही तीच. तेव्हापासून हे अडकणं सुरू झालं. कधी अर्ध्या तासात, कधी सहा तासांनी. कधी अडकेल ते सांगता यायचं नाही, आणि तेच तिच्या डोक्यात भिनलं होतं. पोळ्या लाटतानाही तिचे कान आतल्या खोलीकडे असत. जेवता जेवता उठून ती बाण हलतो का ते पाहून यायची.

तिनं रॅम बदलून पाहिली, पंखे बदलले, विंडोज पुन्हा टाकलं. शेवटी एक प्रोसेसर काढून ठेवला. मशीन दिवसभर चाललं, रखडत, पण न अडकता. मग तो लावला आणि दुसरा काढला. तेव्हाही चाललं. एकेकटे दोघंही धड होते, एकत्र आले की बिनसत होतं. तिनं दोघांवरचा, उष्णता बाहेर जावी म्हणून लावलेला पांढरा मलम पुसला आणि चष्मा लावून वरची बारीक अक्षरं वाचली. वरची ओळ सारखी होती. खालच्या छोट्या कोडमधली शेवटची दोन अक्षरं वेगळी होती.

ते दोन्ही रुमालात गुंडाळून ती वर्ध्याला गोपालच्या दुकानात गेली. मशीन त्यानंच जोडून दिलं होतं.

गोपालनं दोन्ही चिपा उजेडाकडे धरल्या. "अरे हो. हे अलग खेपेचे हाय, वहिनी. कंपनी मधात-मधात अंदरचं थोडं सुधारते, नाव तेच ठेवते. एकटी लावली तर काही फरक नाई पडत. जोडीले मात्र एकाच खेपेचे पाह्यजे."

"मंग पहिल्या खेपेचा दुसरा दे न."

"कुठून देऊ? दोन्ही खेपांचा माल कवाच बंद झाला. आता सगळे पेंटियम फोर मागून राह्यले."

दुसऱ्या दिवशी ती नागपूरला गेली. भर उन्हात सीताबर्डीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. प्रत्येक दुकानात ती कागदावर लिहिलेला कोड दाखवायची आणि प्रत्येक दुकानदार नवं मशीन दाखवायचा. एकानं ड्रॉवर उघडून जुन्या चिपांचा ढीग पुढे ओतला. ती एकेक उलटून पाहत बसली, बोटं काळी झाली, पण तो कोड त्यात नव्हता. परतीच्या गाडीत तिला बसायला जागा मिळाली होती, तरी ती दोनदा उठून दारापाशी जाऊन उभी राहिली.

सायंकाळी गोपालचा फोन आला. "वहिनी, एक आठवलं. तुमच्याच खेपेतला एक देवळीले देल्लाय. प्रभाकररावांच्या पोराले, कापड दुकानवाल्या. पियुष त्याचं नाव. तो आता पुण्याले असते, पण मशीन घरीच असन. त्याच्यात एकच प्रोसेसर हाय. तुमचा नवा त्यांच्यात टाका, त्यांचा तुम्ही घ्या. त्यांचं काहीच जात नाई."

दिपाली सकाळच्या बसनं देवळीला गेली. दार यशोदाबाईंनी उघडलं. पियुषच्या आई, साठीच्या आसपासच्या, बारीक, चटकन बोलणाऱ्या. दिपालीनं सगळं सांगितलं. त्या डोळे बारीक करून ऐकत होत्या.

"म्हणजे तू तुया तुकडा आमच्यात बसोशील आन आमचा नेशील."

"हो काकू. फरक काहीच पडणार नाई."

"आतलं सगळं राहीन?"

"पियुषचं काही काम हाय का त्यात?"

यशोदाबाईंनी दाराकडे पाहिलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आणला. "पियुषचं कायचं? त्यानं तिकडे नवा घेतला. त्याच्यात पत्ते हायेत. माह्ये."

त्या रोज दुपारी, प्रभाकरराव दुकानात असताना, कंप्युटरवर पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव मांडत. घरात प्रभाकररावांच्या वडिलांपासून पत्त्यांना मनाई होती. लग्न होऊन आल्यापासून यशोदाबाईंनी पत्त्याला हात लावला नव्हता. माहेरी मात्र त्या भावांना हरवायच्या. पियुषनं जाण्याआधी त्यांना हे शिकवलं होतं.

"पत्ते कुठंच जाणार नाईत," दिपाली म्हणाली.

तिनं मशीनचा डबा उघडला, पंख्याची घट्ट क्लिप पेचकसानं उचलली, खालचा प्रोसेसर काढून पुसला. तोच कोड. शेवटची दोन अक्षरंही तीच. तिला हसू आलं, हात घाईनं चालू लागले. आपला नवा प्रोसेसर तिनं तिथं बसवला, मलम लावला आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

तिनं पुन्हा काढून बसवला. काळाच. यशोदाबाई मागे उभ्या होत्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाजही थांबला होता. दिपालीनं बोर्डाकडे निरखून पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं. बोर्डावर एका चिपमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्राम असतो, बायोस. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तोच जागा होतो. इथला बायोस जुना होता. हा नवा प्रोसेसर त्यानं कधी पाहिलाच नव्हता, म्हणून तो त्याला ओळखत नव्हता.

तिनं त्यांचा प्रोसेसर परत लावला. पडदा उजळला. यशोदाबाईंनी तिला बाजूला सारल्यासारखं करून आधी पत्ते उघडून पाहिले.

"हाय," त्या म्हणाल्या.

ज्याच्यासाठी तिनं नागपूर पालथं घातलं तो तुकडा वीतभर अंतरावर होता. एक क्षण तिच्या मनात आलं, की मशीन बिघडलं म्हणावं, दुरुस्तीला नेते म्हणावं. ती उभी राहिली, पुन्हा बसली.

"काकू, एक रस्ता हाय. बोर्डावरचा तो प्रोग्राम नवा टाकता येते, फ्लॉपीनं. दोन-तीन मिनिटांचं काम. पण ते चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मेलाच समजा. मंग हे मशीन उठणार नाई."

"आन पत्ते?"

"पत्तेही गेले."

देवळीत लाइटचा काही भरवसा नव्हता, हे दोघींनाही सांगायची गरज नव्हती. यशोदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"लग्न कोणाचं हाय म्हणते?"

"सदाशिवरावांच्या मुलीचं. ती मस्कतले चालली. रविवारी."

"पोरगी दूर चालली तर." त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी येजो. हे दुकानात असतात तवा. लाइटीचं काय करायचं ते तू पाह्यजो."

दिपालीनं वर्ध्याच्या इंटरनेट कॅफेतून त्या प्रोग्रामची फाइल उतरवून दोन फ्लॉप्यांवर घेतली, एक खराब निघाली तर म्हणून. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतला यूपीएस स्कूटरवर पायाशी ठेवून ती आणि निकेश देवळीला निघाले. यूपीएसची बॅटरी जुनी होती. किती वेळ धरेल, दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"हे सगळं करण्यापेक्षा एकाच प्रोसेसरवर काम काऊन नाई करत?" निकेश वाऱ्यात ओरडून म्हणाला.

"रविवारपर्यंत होत नाई. आन माह्या मागं तीन लग्नं पडलीयेत."

"तू चार दिवसांपासून झोपली नाई."

त्याच्या पाठीवर तिची बोटं सारखी ताल धरत होती, ते तिला कळत नव्हतं.

यशोदाबाईंनी दार लावून घेतलं. दिपालीनं यूपीएस जोडला, फ्लॉपी घातली, पडद्यावर निळ्या पाटीत प्रश्न आला. तिनं 'हो'ची कळ दाबली. पाटीवर पांढरे चौकोन एकापुढे एक उमटू लागले.

अर्ध्यावर आले तेवढ्यात कूलर गुरगुरत थांबला. लाइट गेली.

यूपीएस किंचाळायला लागला. चौकोन सरकतच होते, सावकाश. निकेश कपाळावर हात मारून उभा राहिला. आणि त्याच वेळी कडी वाजली.

"यशोदा! हे कायचं वाजून राह्यलं?" प्रभाकरराव होते. लाइट गेली म्हणून दुकान लोटून घरी आले होते. कडी इतक्या जोरात वाजली की निकेशनं न सांगता उघडली. ते आत आले, धिप्पाड, टोपी हातात, अनोळखी माणसं पाहून गोंधळलेले. आवाज कुठून येतो ते त्यांनी पाहिलं आणि ते खाली वाकले. त्यांचा हात यूपीएसच्या बटणाकडे गेला.

"हात लावू नका!"

यशोदाबाईंनी त्यांचं मनगट धरलं होतं. दोन्ही हातांनी. प्रभाकरराव तसेच वाकलेले राहिले. या घरात त्या आवाजात त्यांच्याशी कुणी कधी बोललं नसावं.

"काऊन?" त्यांनी हळूच विचारलं.

"बंद झालं तर माह्ये पत्ते जातीन."

यूपीएसचं किंचाळणं वाढलं. दिपाली पडद्याला चिकटून बसली होती. तीन चौकोन उरले, मग दोन. शेवटचा उमटला, 'पूर्ण' असं आलं आणि तिनं मशीन बंद केलं. खोलीत एकदम शांत झालं. यशोदाबाईंनी तेव्हा कुठे मनगट सोडलं.

"कायचे पत्ते?" प्रभाकरराव म्हणाले.

यशोदाबाईंनी सांगितलं. लपवलं नाही, रडल्याही नाहीत. रोज दुपारी, दोन वर्षांपासून.

"पियुषले माहीत हाय?"

"त्यानंच शिकवलं."

प्रभाकररावांनी मान हलवली. ते रागावले नाहीत. टोपी घालून बाहेर गेले आणि ओट्यावर उन्हातच बसले. दिपालीला वाटलं, त्यांना पत्त्यांचं तेवढं लागलं नाही, जेवढं आपल्यालाच माहीत नव्हतं याचं लागलं. तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण लाइट येईपर्यंत थांबणं भाग होतं. लाइट आल्यावर तिनं प्रोसेसर बदलले. पडदा उजळला. यशोदाबाईंनी पत्ते उघडले, पाहिले आणि लगेच बंद केले.

निघताना दिपाली ओट्यावर थांबली. "काका, चूक माही हाय. मी आली नसती तर..."

"तुयं काम झालं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग जा. उन्ह हाय, डोक्यावर पदर घेजो."

घरी येऊन तिनं दोन्ही प्रोसेसर बसवले. सदाशिवरावांच्या मुलीचं लग्न पुन्हा पहिल्यापासून लावलं. ती खुर्चीवर बसलीच नाही. एक तास गेला, तीन गेले. नवरी मामाबरोबर मांडवात आली, पाटावर उभी राहिली, अंतरपाट दूर झाला. मशीन अडकलं नाही. शनिवारी सकाळी निकेश सीड्या देऊन आला. सदाशिवराव दारातच रडले म्हणे.

मागची लग्नंही एकेक करून निघाली. तरीही दिपालीचा हात काम चालू असताना अधूनमधून माउसकडे जायचाच. बाण हलतो का ते पाहायची सवय लवकर सुटली नाही. आणि ओट्यावर उन्हात बसलेले प्रभाकररावही डोळ्यांपुढून जाईनात. शेवटी एका दुपारी तिनं देवळीला फोन लावला. तो नेमका त्यांनीच उचलला.

"मी दिपाली, काका. वर्ध्याहून. मशीन नीट चालून राह्यलं का, ते विचारायचं होतं."

"चालून राह्यलं."

तिला फोन ठेववेना. त्यांनाही फोन ठेववत नसावा. मागून कूलरचा आवाज येत होता.

"ती बसली हाय तिथंच," ते म्हणाले. "बलावू का? की होऊ देऊ तिचं?"

"होऊ द्या, काका. मंग करीन."

"बरं," ते म्हणाले. पण फोन ठेवला नाही. थोड्या वेळानं विचारलं, "त्या पियुषचा नवा नंबर हाय काय तुयापाशी? हिच्यापाशी असन. आजवर हीच लावत आली, आता मीच लावतो म्हणतो."

तिच्यापाशी नव्हता. गोपालकडे असेल, विचारून कळवते, असं तिनं सांगितलं आणि लगेच गोपालच्या दुकानाचा नंबर फिरवला.