मेणाचा ठिपका

हरणाच्या शिकारीचा मोसम उद्या पहाटे उघडणार होता आणि ऑरिनच्या पायाला भिंगरी लागली होती. अमेरिकेतल्या मेनच्या जंगलाकाठचं ते स्वयंपाकघर केवढंसं. खिडकी, चूल, पुन्हा खिडकी. चुलीवर घेवडा शिजत होता, त्याचं झाकण त्याने दहादा उचललं.

"बाबा, जरा टेका कुठेतरी. हात हलतो माझा," डेला म्हणाली. टेबलावर आजोबांची जुनी रायफल आडवी होती. घोड्यामागच्या पट्टीवर पहिल्यापासूनच दोन भोकं होती. तिथे ती जुन्या घडणीची नवी चकती बसवत होती. चकतीला मधोमध बारीक भोक. त्यातून बघायचं आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा खुंट, हरणावर धरायची.

"गेल्या वर्षी नेम धरायच्या त्या जुन्या खाचेनं घात केला," ऑरिन म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं."

तो हसला नाही. डेलाच्या मनात पाल चुकचुकली. हल्ली तो कपात कॉफी ओतताना कडेला बोट धरायचा. विचारलं तर खेकसायचा. आणि उद्या नेहमीसारखं तो टेकडीवर दबा धरून बसणार, ती झुडपांतून हरणं हाकारत त्याच्याच दिशेने येणार. दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तिने दुसरा स्क्रू आवळला. चकतीची उजळ कड काळी करायची होती. लोखंड काळं करायचं औषध भोकात शिरू नये म्हणून तिने आधीच त्यात मेणाचा ठिपका दाबला होता. औषध लावून, पुसून ती फडकं ठेवायला वळली, तेवढ्यात ऑरिनने रायफल उचललीच. गोळ्या नव्हत्या. त्याने खिडकीतून अंगणातल्या बर्चच्या झाडावर नेम धरला. तिथे रंगाच्या डब्याचं पांढरं झाकण ठोकलेलं होतं.

"थांबा, अजून..." ती म्हणाली, आणि त्याच्या डोळ्याकडे बघू लागली.

"वा. लख्ख दिसतंय."

"माशी कुठेय?"

"झाकणाच्या बरोबर मध्ये. अशी चकती आधीच बसवायला हवी होती."

तिने रायफल घेतली, सुईने मेण उकरलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

ऑरिनने ते बोटांनी चुरलं. हुंगलं. मग खाली बसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"मधोमध डाग आहे," तो म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. तू दारातून येतेस तेव्हा तुझे खांदे दिसतात, तोंड दिसत नाही."

"सांगितलं का नाहीत?"

"मग घरी बसवलं असतंस."

तिला रागही आला आणि रडूही. दोन्ही तिने गिळलं. ऑरिनने शर्ट खोचलेला होता, तो बाहेर ओढला.

"कात्री आण."

शिकारीच्या खोपीत भिंतीवर शर्टांचे शेव, म्हणजे खालच्या कडेचे तुकडे, ठोकलेले होते. ज्याचा नेम चुकेल त्याचा शेव कापायचा आणि खाली नाव लिहायचं, ही तिथली जुनी रीत.

"तुम्ही गोळीच झाडली नाहीत, बाबा."

"तुला लागल्यावर कापायचा का?"

तिने कापला. कात्री जड चालली. ऑरिनने तुकडा घडी करून टेबलावर ठेवला आणि रायफल तिच्याकडे सरकवली.

"चकती तुझ्या डोळ्याच्या उंचीला लाव. उद्या टेकडीवर तू बसायचंस. हाकारायला डोळे लागत नाहीत, गळा लागतो, तो आहे माझा." तो उठला आणि घेवड्याचं झाकण पुन्हा उचललं. "फक्त नीट बघून बार काढ. समोरून मी येणार आहे."