साडूच्या मापाचं जॅकेट

दातवाल्यांचा धंदाच मुळी मापाचा. ते कवळ्या बनवायचे, म्हणून सासरी सगळे त्यांना दातवाले म्हणत. परक्याच्या जबड्यात केसभर चूक खपवून न घेणारा हा माणूस एका जॅकेटपायी अक्कल गहाण ठेवून बसला, त्याला कारण साडू.

साडू म्हणजे थोरल्या मेहुणीचा नवरा. त्याने मोटरसायकल घेतली, तशी दातवाल्यांनीही घेतली, इथवर फिट्टंफाट. मग एका रविवारी साडूने दार उघडलं तेच काळंभोर चामड्याचं जॅकेट घालून.

"अगंबाई! भावोजींना काय शोभतंय!" दातवाल्यांची बायको म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य दातवाल्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. एकदा आशा वाटली होती, पण तेव्हा ती पडद्यांबद्दल बोलत होती.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या निमित्ताने ते दाराआडच्या खुंटीपाशी गेले, काळ्या जॅकेटची कॉलर उलटली आणि नंबर पाठ करून आले.

दुकानात एक लाकडी मोटरसायकल होती. "उभ्याने बघू नका," दुकानदार म्हणाला, "हिच्यावर बसून, हात पुढे करून बघा. जॅकेट आरशासाठी नसतं, रस्त्यासाठी असतं. घसरून फरपटलात तर चामड्याला तोड नाही. पण उन्हात जीव नकोसा होतो आणि पावसात ते भिजतं. रोजच्या वापराला कापडी बरं. हवा खेळते, कोपराखांद्याला पॅडही आहेत."

"चामड्याचंच द्या. या नंबरचं."

दुकानदाराने आधी नंबर ऐकला, मग दातवाल्यांचं पोट पाहिलं. "हा तुम्हाला..."

"साडूला बसतो. आणि साडू काही माझ्यापेक्षा बारीक नाही."

चेन छातीपाशी अडली. दातवाल्यांनी श्वास सोडला, पुन्हा घ्यायचा टाळला, तेव्हा लागली. लाकडी गाडीवर हात पुढे करताच बाह्या कोपराकडे पळाल्या.

"वापरून सैल होतं ना?" त्यांनी उरल्यासुरल्या हवेत विचारलं.

"सरावेल," दुकानदार म्हणाला.

हेच वाक्य दातवाले गिऱ्हाइकांना रोज ऐकवत. त्याची किंमत त्यांना नेमकी ठाऊक होती. तरी घेतलं.

पुढच्या रविवारी दोन्ही जोडप्यांनी फिरायला जायचं ठरलं. दातवाले लाकडी बाहुलीसारखे ताठ, साडूच्या दारात पोचले. साडू बाहेर आला तो राखाडी कापडी जॅकेटमध्ये.

"चामड्यात उकडून निघालो हो!"

"भावोजी, हे तर आणखीनच शोभतंय!" बायको म्हणाली. म्हणजे प्रश्न चामड्याचा नव्हताच.

मागोमाग मेहुणी आली, तिच्या अंगात काळं जॅकेट. "अय्या, दातवाले, अगदी माझ्यासारखंच!" तिने त्यांची कॉलर उलटली. "नंबरही माझाच की हो!"

"तुमचा?" दातवाल्यांचा आवाज बारीक झाला. "मग साडूभाऊंचं?"

"ह्यांचं कपाटात असतं. खुंटीवर माझंच टांगलेलं असतं."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. एका बाहीला साडू, दुसऱ्या बाहीला मेहुणी लटकली, तेव्हा कुठे दातवाले जॅकेटमधून बाहेर निघाले. बायकोने सहज म्हणून जॅकेट अंगात घातलं. चेन सर्रकन गळ्यापर्यंत गेली, जणू तिच्याच मापाने शिवलेलं.

"वा, मेहुणीबाई!" साडू म्हणाला. "काय शोभतंय तुम्हाला!"

बायको चक्क लाजली. हे वाक्य आपण तरी तिला कधी म्हटलं होतं? दातवाल्यांनी आठवून पाहिलं. पडद्यांच्या वेळीसुद्धा ते गप्पच बसले होते.

निघाले. दातवाले पुढे नुसत्या शर्टात, सगळं संरक्षण मागच्या सीटवर. पहिल्याच सिग्नलला त्यांनी मान वळवली.

"तुला शोभतंय हं."

"भावोजी म्हणाले म्हणून म्हणताय," ती म्हणाली.

खोटं नव्हतं. सिग्नल हिरवा झाला आणि शेजारून साडू पुढे निघून गेला.