तोंडी परीक्षा

२०२३ सालची गोष्ट. जेलरोडच्या बुद्धविहारात वर्षानुवर्षं वंदना सांगणाऱ्या भिमाबाईंचा आवाज त्या साली गेला. घसा धडधाकट होता, पण तोंड उघडावंसं वाटत नव्हतं. नवरा गेल्यापासून शाळेतली ही निवृत्त बाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या आणि समुपदेशनासाठी तेजल नावाच्या तरुण समुपदेशिकेकडे पाठवलं.

मुलगा धम्मपाल दर गुरुवारी त्यांना स्कूटरवरून नेई. तेजलची पद्धत अशी, की मनात येणारा वाईट विचार पुराव्यावर तपासायचा आणि रोज एक छोटं काम करायचं.

"बाई, तुम्ही कुचकामी झालात याला पुरावा काय?" तेजल विचारी.

"पुरावा नाही. तो नुसता विचार आहे."

"छान!"

घरी ताट मात्र तसंच परत जाई. तपासणीला साहेब आले की मुलांकडून हवं ते उत्तर वदवून घेण्यात बाईंची हयात गेली होती. इथे त्या स्वतःच तेजलला हवं ते उत्तर देत होत्या.

मार्चमध्ये त्या मुलाला म्हणाल्या, "आता नाही जायचं मला."

"तिला सांगून तरी ये, आई. न सांगता शाळा सोडणाऱ्या पोराला तू काय करायचीस?"

म्हणून त्या गेल्या. "पोरी, तू माझं ऐकत नाहीस. तोंडी परीक्षा घेतेस."

तेजलने पेन खाली ठेवलं. "चुकलं माझं. बरोबर उत्तर आलं की मी खूश व्हायचे. आज प्रश्न नाही. कशाची भीती वाटते तुम्हाला?"

"हा प्रश्नच की."

दोघी हसल्या. मग बाई म्हणाल्या, "बुद्धपौर्णिमेला माझ्या जागी दुसरं कुणी उभं राहील, आणि मला त्याचं काहीच वाटणार नाही." आणि नवरा गेल्यानंतर प्रथमच त्या रडल्या.

पद्धत पुढेही तीच राहिली, पण आता रोजचं छोटं काम बाई स्वतः ठरवत. आधी विहारात मागे बसून यायचं, मग मेणबत्ती लावायची. "आज फाटकातूनच परतले," असंही त्या सांगू लागल्या. पुराव्यावरून तर दोघींची भांडणं होत.

पौर्णिमेला बाई उभ्या राहिल्या. पहिल्या शरणाला, 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणताना, आवाज चिरकला. दुसऱ्याला सावरला. तिसऱ्याला सगळा विहार त्यांच्यामागून म्हणत होता, आणि दारात खिरीचं पातेलं धरलेला धम्मपाल डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून तसाच उभा होता.

तेजलचं आता गंगापूर रोडला स्वतःचं क्लिनिक आहे. नव्या माणसाला ती आधीच सांगते, इथे उत्तर चुकलं तरी चालतं. धम्मपाल वंदनेला आईच्या मागच्या रांगेत बसतो. बाईंना पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मरगळ आली, तेव्हा तेजलला फोन त्यांनी स्वतः केला. रविवारची वंदना अजून त्याच सांगतात.