थिबाची खुर्ची

रत्नागिरीत कुणाच्या घरात काही जुनं सापडलं की ते थिबा राजाचं असतं. पिकदाणी थिबाची, फुटकं झुंबर थिबाचं. एका बाईने तर मला पाटा-वरवंटासुद्धा थिबाचा म्हणून दाखवला होता. ब्रह्मदेशातून पकडून आणलेला राजा इथे कैदेत होता की भांड्याकुंड्यांचं दुकान टाकून बसला होता, देव जाणे. माझे थोरले दीर सुजय भावजी त्यातलेच.

आरे-वारेच्या रस्त्याला आमचं घर. पडवीत एक झुलती खुर्ची आणि खुर्चीत बसलेली असायची माझी सासू, कमळा. तिला सगळे आये म्हणतात. माझा नवरा ओमकार जहाजावर असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. भावजींनी गणपतीपुळ्याला लॉज काढला आणि तेव्हापासून त्यांचा त्या खुर्चीवर डोळा. त्यांचे आजोबा म्हणे थिबाच्या राजवाड्यात कामाला होते आणि राजाच्या माघारी ही खुर्ची त्यांना मिळाली. कसल्या कामाला, असं विचारलं की दर वेळी नवं उत्तर. कधी माळी, कधी थेट कारभारी. ओमकारला फोनवर विचारलं तर म्हणाला, मी जन्मल्यापासून ती तिथेच आहे, मला काय माहीत.

चतुर्थी तोंडावर आली असताना भावजी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "खुर्ची नेतो. आयेलापन नेतो. लॉजच्या दारात बसंल. राजाची खुर्ची, वर आपली म्हातारी. लोक फोटो काढतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने माझं लग्न झाल्यापासून आईला एकाही सणाला घरी नेलं नव्हतं. त्यांच्या बायकोला, दर्शनाला, सासूचा खोकला सहन होत नाही म्हणे. आणि आता खुर्चीवर म्हातारी फुकट मिळते म्हणून नेणार.

"आये काय दाराचं तोरण आहे का, टांगायला?" मी म्हटलं.

"तू मधी बोलू नको. आये माजी हाय."

"बरी आठवण झाली."

दुसऱ्या दिवशी आयेने ठेवणीतली लुगडी काढून उन्हात टाकली. बिचारी घाबरली, मला वाटलं. लेक नेऊन दारात बसवणार म्हणून निमूट तयारीला लागली. त्याच वेळी मी ठरवलं, खुर्ची थिबाची नाही एवढं दाखवून द्यायचं. मग भावजींचा सोस आपोआप संपेल. खुर्ची इथे राहील आणि आयेही.

रविवारी भावजी कोल्हापूरच्या स्वरूप नावाच्या माणसाला घेऊन आले. जुन्या सामानाचा व्यापारी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. तो सांगेल तेच लॉजच्या पाटीवर रंगवायचं ठरलं होतं. त्याने खुर्ची अंगणात घेतली, तिच्या हातावर टकटक केली, डोळे बारीक केले.

"बर्मा टीक वाटतोय, ब्रह्मदेशचा साग," तो म्हणाला. "शंभरच्या पुढं वय असणार."

आदल्या रात्री लॉजवर फुकट सुरमई खाल्लेला माणूस दुसरं काय सांगणार.

"वाटतोय काय? उलटी करून बघा," मी म्हटलं आणि आतून सुरी आणून त्याच्या हातात दिली. "पॉलिश पोचलं नाही तिथे खरवडा."

त्याने भावजींकडे पाहिलं. मी हलले नाही, तेव्हा नाइलाजाने त्याने बैठकीच्या खालून थोडं खरवडलं. आतून लाकूड हळदीसारखं पिवळं निघालं.

"फणस," तो पुटपुटला. एकदा उघडा पडल्यावर मात्र तो खरं बोलायला लागला. "ह्या सरळ रेघा मशीनच्या करवतीच्या आहेत. राजाच्या काळातली न्हाई ही. पन्नास-पंचावन्न वर्षांची असंल. खालच्या वाकड्या पट्ट्या तेवढ्या सागाच्या हैत, त्या जुन्या. पण त्यांना एवढी बुजवलेली भोकं कशाला?"

मी मिरकरवाड्याची. लहानपण वडलांच्या होडीच्या पोटात खेळण्यात गेलं. मी गरम पाण्यात फडकं पिळून आणलं आणि पट्टीवर जोर लावून घासलं. वास वर आला. मुशी माशाच्या तेलाचा. होडीच्या लाकडाला चोपडतात ते तेल. किती वर्षं गेली तरी लाकूड तो वास सोडत नाही.

"होडीची फासळी आहे ही, भावजी," मी म्हटलं. "या भोकांत फळ्यांचे खिळे होते. थिबा राजा मासे मारायला जात असला तर पाटीवर तसं लिहा."

भावजींचा चेहरा काळा-निळा झाला. "तुला काय मिळाला ह्यातून?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात पडवीतून आये बोलली.

"माज्या बापसान क्येलान ती. हेदवीला."

आम्ही तिघेही वळलो.

"सुजय तान्हा व्हता. दिवसरात रडायचा. होडीत घेतला की गप. बापूस म्हनला, पोराला होडी पायजे. त्याची जुनी होडी मोडीत निगाली व्हती. दारातला फणस तोडलान, खुर्ची क्येलान, नि होडीच्या फासळ्या खाली लावल्यान." ती भावजींकडे बघत होती. "तुज्यासाटीच क्येलेली हाय, बाबू."

मला खरंच वाटलं, आता हा माणूस विरघळेल. निदान खुर्चीला हात तरी लावेल. भावजींनी गाडीची चावी काढली.

"आदी सांगायचा ना, आये. परक्या मानसापुढं लाज काढलीस." मग स्वरूपला म्हणाले, "चला. फणसाच्या खुर्च्या गावात ढिगानं हायत."

आये खांबाला धरून उठली. "नि मी? मी कदी येऊ?"

"बगू. सीझन संपू दे."

गाडी गेली. मी खुर्ची उचलून पडवीत आणून ठेवली. कट्टर वैऱ्याला चीत केल्यासारखा आनंद अजून माझ्या अंगात होता. "बसा आये," मी म्हटलं, "आता कोण नेत नाही ती."

ती बसली नाही. पायरीवर जाऊन टेकली, रस्त्याकडे तोंड करून. दाराआड तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं मला तेव्हा दिसलं. ऊन दिलेली लुगडी, औषधाची पिशवी, जपमाळ.

"मला पयल्यापास्ना ठावक व्हता, थिबाची नाय ती," ती म्हणाली. "मी गप ऱ्हायले. राजाची म्हनून का व्हयना, ल्योक घरी नेत व्हता मला."

"फोटो काढायला नेत होते, आये."

"काढंना का. रोज दिसला तर असता." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुला कुनी सांगितलान व्हता वास काढायला?"

मला भावजींचा राग होताच, आता तिचाही आला. इतकी वर्षं हिचं सगळं मी केलं, आणि हिचं गाठोडं त्याच्या दारासाठी. मी फडकं बादलीत आपटलं. त्या पाण्याला मुशीचा वास येत होता. आये अंधार पडेपर्यंत पायरीवरून उठली नाही, आणि त्या खुर्चीत ती पुन्हा कधीच बसली नाही.