मोजणीची कडी

लोकांना उद्योग नसला की ते कला करतात, असं माझं जुनं मत आहे. त्यामुळे ती कलावाली एका सकाळी दुकानात आली आणि तिच्या साखळीचा तुटका हूक दुरुस्त होईपर्यंत स्टुलावर बसून आपला प्रकल्प समजावू लागली, तेव्हा मी मान वर न करता नुसतं हं हं केलं. कुठकुठल्या माणसांनी स्वतःच्या हाताने एकेक दागिना करायचा आणि डबीत घालून तिच्याकडे द्यायचा. ती तो दूरच्या एखाद्या अनोळखी माणसाला पाठवणार. त्याने तो चाळीस दिवस अंगावर घालायचा, काय वाटलं ते चिठ्ठीवर लिहायचं आणि तिच्यामार्फत पुढच्याला धाडायचा. नाव नाही, गाव नाही, डबीवर फक्त एक नंबर.

"मावशी, तुमच्यासारखा हात यात हवाच," ती म्हणाली. मला मावशी म्हणणारी ही माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असेल.

पिच्छा सुटावा म्हणून मी एक बांगडी करून दिली, दुरुस्तीतून उरलेल्या मोडक्या हुकांची. आमचं दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली, तिच्या मागे दोन खोल्यांचं घर. दुकान बाबांचं होतं, आता माझं आहे. घरात आई आणि मी.

तीन महिन्यांनी माझ्या वाट्याची डबी आली. आत चांदीची साखळी होती. मी ती भिंगाखाली धरली, कारण दुसऱ्याच्या कामात खोड काढणं हा माझा आवडता छंद आहे. कड्या बारीक, सांधे स्वच्छ. अकरा कड्या चांदीच्या आणि बारावी तांब्याची. पुन्हा अकरा, पुन्हा तांब्याची. मी भिंग खाली ठेवलं. ही चूक माझ्या ताईची होती.

बाबांचा मोजताना घोळ व्हायचा. म्हणून साखळी करताना ते दर अकरा कड्यांनंतर तांब्याची एक जाडसर कडी अडकवत. किती झाल्या ते बोटांनीही कळायचं. काम संपलं की तांब्याच्या कड्या काढायच्या आणि साखळी पुन्हा जोडायची. ताईने नऊ वर्षांची असताना पहिली साखळी केली आणि त्या कड्या तशाच ठेवल्या. कपडा शिवून झाला आणि टाचण्या काढायच्या राहिल्या, तसं. बाबा खोकला येईपर्यंत हसले. ताई हसली नाही. "काढल्या तर मोजलं होतं हे कुणाला कळणार?" म्हणाली, आणि पुढे हट्टाने प्रत्येक साखळीत ठेवत गेली.

मोठी झाली तरी तिचं तेच. एकदा तिने केलेली साखळी बाबांनी तिच्या माघारी उसवली, तांबं काढलं आणि गिऱ्हाइकाच्या हाती दिली. भांडण त्यावरून सुरू झालं आणि कुठल्या कुठे गेलं. असंच वागायचं असेल तर या घरात पाऊल ठेवू नकोस, असं बाबा बोलून गेले. बाबा रागाच्या भरात बरंच काही बोलायचे, आम्ही कानाआड करायचो. ताईने शब्द धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर बॅग उचलून मागच्या दाराने निघून गेली.

याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून रोज दुपारी, जेवणं झाल्यापासून चार वाजेपर्यंत, आई मागचं दार नुसतं लोटून ठेवते. बोल्टला हात लावू देत नाही. मांजरं येतात, धूळ येते, एकदा चोर येऊन कुकर घेऊन गेला. आई ऐकत नाही.

साखळी मी नियमाप्रमाणे गळ्यात घातली, पण कपड्याच्या आत. आईला काही बोलले नाही. तिची नजर जवळजवळ गेली आहे, डोळ्यांत दिवसातून दोनदा थेंब घालावे लागतात. तिसऱ्या दिवशी थेंब घालायला वाकले आणि साखळी कपड्यातून निसटून तिच्या गालावर पडली. आईने ती मुठीत धरली. मग कड्यांवरून बोटं फिरवू लागली. ओठ हलत होते. तांब्याशी थांबली, पुढे गेली, पुन्हा थांबली.

"कधी आली ती?" आईने विचारलं.

"ती नाही आली. साखळी आली आहे."

"म्हणजे आहे," आई म्हणाली.

साखळी तिने माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातली. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की केस विंचरून घ्यायची आणि खुर्ची दाराकडे तोंड करून लावायला सांगायची. मी मात्र दाराकडे पाठ करून बसायचे. ताई आहे म्हणजे ती येऊ शकते, आणि आली की पहिला प्रश्न मलाच विचारणार.

कारण तिचं पत्र आलं होतं. ती गेल्यावर दोन वर्षांनी. बाबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, तिला ते ठाऊक नव्हतं. 'बाबांचा राग गेला असेल तर कळवा. बोलावलंत की निघते,' एवढंच, आणि खाली पत्ता. दुकानात मी एकटीच होते. बाबांचं आजारपण मी काढलं, आईला मी सांभाळलं, दुकान माझ्या गळ्यात पडलं, आणि बाईसाहेबांना आमंत्रण हवं होतं. बाबांचा राग कधीच गेला होता. माझा गेला नव्हता. सांधे जोडायची बत्ती पेटलेलीच होती, मी कागद तिच्यावर धरला. महिन्याभराने मला स्वतःची लाज वाटली, तेव्हा पत्त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं.

साखळी कुणी केली ते विचारायला मी कलावालीकडे गेले. आधी ती नियमावर अडून बसली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "नाव-पत्ता नाही देता येणार, मावशी. पण साखळी करणाऱ्याला तुमची चिठ्ठी मी पोचवते. उत्तर द्यायचं की नाही ते समोरच्याने ठरवावं."

मी लिहिलं, 'तांब्याची कडी कुणी शिकवली?' त्याखाली पेन बराच वेळ अडलं. मग लिहिलं, 'ताई, तूच असशील तर बोलावते आहे. निघ.'

पुढचे दिवस कसे काढले, माझं मला माहीत. दुकानात भरदिवसा काम करत असले तरी मी एकटी नसायचे. मी कड्या मिटवत जायचे आणि पाठीमागे कुणीतरी हळू आवाजात मोजत असायचं. अकरा झाले की तो आवाज थांबायचा. मी वळून बघत नसे. बघितलं आणि ती दिसली तर काय बोलायचं, हे मला सुचत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात कलावाली स्वतः उत्तर घेऊन आली. तिने ते आपल्या भाषेत उतरवून आणलं होतं. कागद दिला आणि न बसता गेली. एरवी तिला उठवावं लागतं.

'साखळी मी केली आहे. मला शिकवणाऱ्या बाई लाँड्रीत कामाला होत्या. सुट्टीच्या दिवशी तिथल्याच मागच्या खोलीत आम्हा पाच-सात जणींना शिकवत. तांबं काढू नका, नाहीतर मोजलं होतं हे कुणाला कळणार, असं म्हणत. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. घरून पत्र यायचं आहे म्हणून शेवटपर्यंत रोज लाँड्रीच्या काउंटरवर विचारत. आम्हाला वाटे, त्यांना कुणीच नसावं. तुमची चिठ्ठी मी त्याच काउंटरवर ठेवली आहे.'

मी आईला वाचून दाखवलं. 'पाच वर्षं झाली' इथपर्यंत वाचलं आणि कागदाची घडी घातली.

आई रडली नाही. म्हणाली, "जिवंतपणी माणसाला मानपान आडवा येतो. आता यायला तिला काय अडचण आहे?" आणि दुपारी दार लोटलेलंच ठेवायला सांगितलं.

मग रोज जेवण झालं की ती कागद वाचायला लावायची. बोटं साखळीवर असायची. मी रोज त्याच शब्दापाशी थांबायचे. नवव्या दिवशी मी घडी घालायला लागले तशी ती म्हणाली, "थांब. रोज इथं आल्यावर तुझा आवाज बदलतो. काय काढून टाकतेस?"

तिचं बोट तांब्याच्या कडीवर होतं. मी उरलेलं वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "पत्र आलं होतं, आई. तिने बोलवा म्हणून लिहिलं होतं. मी ते जाळलं."

मला वाटलं, ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. दार वाऱ्याने थोडं उघडलं, थोडं मिटलं.

"बोलावल्याशिवाय यायची नाही ती," आई शेवटी म्हणाली. "मेली तरी यायची नाही. जा, दार लावून घे."

बावीस वर्षं दुपारच्या वेळी त्या बोल्टला मी हात लावला नव्हता. माझी बोटं घामाने ओली होती आणि तो नीट सरकेना. दोनदा सुटला. लागला तेव्हा आईने खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली होती.

चाळीस दिवस भरले तेव्हा साखळी आईने आपणहून काढून दिली. मी ती पुढे धाडली. चिठ्ठीवर लिहिलं, 'तांबं काढू नका.'

आता दार बंद असतं. जेवणं झाली, भांडी आवरली की त्यावर टकटक होते. मी न मोजायचं ठरवते, तरी मोजते. अकरा झाल्या की थांबते. आई उठत नाही, विचारतही नाही. मी उठते, बोल्ट काढते, दार सताड उघडते आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणते, "ये ताई, बोलावते आहे." बाहेर कुणी नसतं.

आई भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. म्हणते, "झालं असेल तर लाव आता."