शेरभर बाजरीचा लेक

दशक्रियेला आलेल्या माणसाचं नातं विचारावं लागत नाही, ते दिसतं. सोयऱ्याच्या काखेत टॉवेल-टोपी असते, पुढाऱ्याच्या अंगावर कडक इस्त्री असते. भावकीतले पुतणे डोकं उतरवतात, पण मिशी ठेवतात. मिशी उतरवतो तो फक्त आईबाप गेलेला लेक. आणि आज जिचा दहावा, त्या जानकाबाईंना लेक एकच, बाजीराव.

मग घोडनदीच्या काठी, कळंबच्या घाटावर, त्या सकाळी दुसरा बिनमिशीचा गडी कोण होता?

चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. डोकं ताजं उतरवलेलं, वरच्या ओठावर मिशीची जागा पांढरी पडलेली. पायरीवर खाली मान घालून बसला होता. शेजारचे गेणभाऊ बाजीरावांच्या कानाला लागले.

"बाजीराव, तुझी मिशी का गेली ते कळलं. ह्याची कशापायी गेली ते इचार की."

बाजीराव उठले. "पावणं, गाव कुठलं?"

"पिंपरी पेंढार. टोमॅटोचा टेम्पो चालवतो. केरू नाव."

"कुनाच्या वळखीनं आला?"

"आई गेली, म्हणून आलो."

"कुनाची आई?"

तो गडी गोंधळला. जणू असं कुणी विचारेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मग हळूच म्हणाला, "माझीबी."

बाजीराव लेकीजवळ, कल्याणीजवळ आले आणि दातांवर दात ठेवून म्हणाले, "रस्त्याकडंच्या जमिनीला भाव आल्यापास्नं मेलेल्या माणसाला लेकरं फुटाया लागली बघ. ह्याच्यावर नजर ठेव. कुठं अंगठा-सही करतोय का, कुनाशी बोलतोय का."

कल्याणीनं मान हलवली. बापाला जमिनीची भीती होती. तिला आजीची भीती होती.

तिची आजी सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया. तालुक्यातल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ जानकाबाईनं घातलेली. रस्त्यानं चालली की बाया पोरं पुढं ढकलायच्या, "पाया पड, हिनं तुला धुतलंय." एकादशीला कीर्तन कुठंही असो, ही टाळ वाजवायला पहिल्या रांगेत, आणि बुवांनी करुणरस काढला की सगळ्यांच्या आधी हिचे डोळे भरणार. अशा बाईबद्दल आज प्रवचनानंतर नातीनं दोन शब्द बोलायचे ठरले होते. कल्याणी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. बोलणार तीच, दुसरं कोण?

आणि कल्याणीला बोलता येणार नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ती आठ वर्षांची होती, सुट्टी म्हणून आजीबरोबर दवाखान्यात गेलेली. दुपारच्या वेळी मागच्या अंगाला, नळावर पाणी प्यायला गेली तर पिंपळाखाली एक बाळंतीण बसली होती. आजीनं इकडंतिकडं पाहिलं. पिशवीतून शेरभर बाजरी काढून त्या बाईच्या ओटीत ओतली, तिच्या मांडीवरचं तान्हं उचलून सुपात घातलं आणि सूप घेऊन भराभरा चालू लागली. मागं वळून एकदासुद्धा पाहिलं नाही. ती बाई पदरात तोंड खुपसून रडत होती. आजी भिंतीआड दिसेनाशी झाली तशी कल्याणी घाबरून वॉर्डात पळाली.

संध्याकाळी आजी एवढंच म्हणाली, "नळावर व्हतीस ना तू? काय बघितलं असंल ते पोटात ठेव. कुनाला बोलायचं न्हाई."

कल्याणीनं पोटात ठेवलं. पण पोटातलं काही तसंच राहत नाही, वाढतं. शाळेत असताना पेपरात कुठल्याशा शहरातली मुलं विकणारी टोळी वाचली, तेव्हा ते सूप डोळ्यांपुढं आलं. नर्सिंगच्या वर्गात बाईंनी सांगितलं, की अशा प्रकारात बहुतेक वेळा आतलंच कुणीतरी सामील असतं, तेव्हा तिनं वही मिटली. आजीच्या हातचा लाडू तिला गिळवेना. सुट्टीला घरी येणं कमी झालं. शेवटच्या दिवाळीत आजीनं विचारलं होतं, "काय झालं गं? माज्या हाताला वास येतो का?" कल्याणी म्हणाली होती, "काही नाही." आणि आजी गेली.

आता हा बिनमिशीचा गडी. शेरभर बाजरीच्या मोलानं गेलेलं एखादं लेकरू मोठं होऊन खरी आई शोधत आलं असेल तर? पोलिसांत जाईल? माईकवर बोलेल?

प्रवचन सुरू झालं. महाराज सांगत होते, देव ओळखायला सोपा, तो एका जागी उभा आहे. माणूस ओळखायला अवघड, तो वळणं घेतो. माणसं माना डोलवत होती. कल्याणीचं लक्ष केरूवर. त्याच्या उजव्या नाकपुडीला बारीक खूण दिसली, टोचून बुजलेली. पुरुषाचं नाक टोचलेलं? मधूनच तो मागं बायकांच्या घोळक्यात कुणाकडंतरी पाहत होता. कल्याणीनं माग काढला. डोईवर पदर घेतलेली एक म्हातारी.

ती जाऊन तिच्या शेजारी बसली. "आजी, तो तुमचा कोण?"

"ल्योक."

"मग मिशी का काढली त्यानं? तुम्ही तर समोर बसलाय."

म्हातारी हसली. पुढचे दोन दात नव्हते. "तू कल्यानी न्हवं? जानकाबाई लई सांगायची तुझं. मी सोनीबाई. ल्योक माझाच, पन इकलेला."

कल्याणी जवळ सरकली. "कुणाला विकला?"

"तुझ्या आजीला. शेरभर बाजरीला." सोनीबाईचा आवाज अगदी रोजच्यासारखा. "माझी तीन गेली गं. एक सटवाईच्या दिशी, बाकीची दोन्ही महिन्याच्या आत. चवथ्याला मी डोळं लावून बघतबी नव्हते. जानकाबाई म्हनली, तुझ्या नशिबातलं लेकरू जगंना, तर ते तुझं ठिवायचंच न्हाई. मला इक. मंग बाजरी दिली, सुपात घातला, नाक टोचलं, नाव ठिवलं केरू. केरकचऱ्यावर कुनाची नजर जाती? आन् मला म्हनली, हे माझं पोर हाय, तू नुसतं सांभाळ."

"म्हणजे परत दिलं?"

"आता, न्हाई दिलं तर हितं बसलाय कोन?"

पण नर्सिंगच्या पोरीचा संशय इतक्यात उतरतो कुठं? "मग लपून का? कुणाला बोलू नको, असं का?"

"डाक्टर वरडायचा. शिकलेला मानूस, म्हनायचा खुळचट धंदं दवाखान्यात नगंत, नोकरी घालवीन. आन् बोलायचंबी नसतंय. ज्या काळापास्नं पोर लपवायचं त्यानं ऐकलं तर?"

"चौऱ्याण्णवला मी तिला एक मूल नेताना बघितलं होतं. सुपात. ते कुणाचं?"

"मला काय ठावं? माझा ब्याऐंशीचा. मी माझं सांगितलं."

"मी बघितलं तर ती परत आली नाही, आजी. भिंतीआड गेली ती गेलीच."

सोनीबाईनं तिच्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "तू कुठं उभी व्हतीस?"

"नळावर."

"मंग कशी दिसंल? ज्या वाटनं नेलं त्या वाटनं आनत न्हाईत पोर. मागं बघायचं न्हाई, भिताडाला वळसा घालायचा आन् पल्याडनं, सैपाकघराच्या अंगानं यायचं. मला तर वाटलं आलीच न्हाई. लई रडले मी. आन् मागनं येऊन मांडीवर ठिवला."

पलीकडची वाट. कल्याणी बारा वर्षं अलीकडच्या वाटेवर डोळे लावून बसली होती. त्या चौऱ्याण्णवच्या बाळाचं पुढं काय झालं, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. सोनीबाईला ठाऊक नव्हतं आणि आजीला विचारायची वेळ कल्याणीनंच घालवली होती. जे काही मानायचं ते आता पुराव्याशिवाय मानायचं होतं.

स्पीकर खरखरला. "यानंतर जानकाबाईंची नात..."

तिनं माईक हातात घेतला. लिहून आणलेला कागद उघडलाच नाही.

"माझ्या आजीला दवाखान्यातून मूल नेताना मी पाहिलंय," ती म्हणाली.

बाजीराव अर्धे उठले. गेणभाऊंनी त्यांचं धोतर धरून खाली बसवलं, "आरं ऐक तरी."

तिनं सगळं सांगितलं. सूप, बाजरी, नळ, पेपरातली टोळी, न गिळलेला लाडू, आणि सोनीबाईनं आत्ता दाखवलेली पलीकडची वाट. मध्ये आवाज फुटला तेव्हा थांबली, पण माईक सोडला नाही. "तिनं मला विचारलं होतं, काय झालं म्हणून. मी काही नाही म्हणाले. तेवढं एकच वाक्य मला परत घ्यायचं होतं, ते घेता येत नाही. बाकी आजीनं घेतलेलं एक पोर इथं बसलंय. त्याला पाणी देऊ द्या."

बायकांच्या घोळक्यात कुणीतरी नाक ओढलं. महाराजांनी नुसता हात वर केला, म्हणजे होऊ द्या.

बाजीरावांनी केरूला बोलावलं खरं, पण पाण्यात उतरताना विचारलंच, "आवंदा सातबाऱ्याचं काय काम न्हाई ना काढलं?"

"भाऊ, मला फकस्त एक ओंजळ द्या," केरू म्हणाला.

बाजीरावांनी त्याच्या ओंजळीत तीळ टाकले. गुडघाभर पाण्यात दोन उतरवलेली डोकी शेजारी शेजारी वाकली. केरूच्या बोटांतून पाणी गळून जाईस्तोवर बाजीरावांनी त्याच्या हातावरची नजर हलवली नाही. मग काय वाटलं कुणास ठाऊक, चिमूटभर तीळ घेऊन त्यांनी पुन्हा त्याच्यापुढं केले.

"अजून एक घाल," म्हणाले. "तिला कमी पडाया नगं."