ढब्बीच्या भुकेचा धनी

मी एक जनुक बोलतोय. कुणाला दिसत नाही म्हणून मला राग येत नाही असं समजू नका. माझ्याइतका डूख धरणारा तुम्हाला शोधून सापडणार नाही.

'पोट भरलं' हा निरोप डोक्यापर्यंत पोचवायचा, एवढंच माझं काम. पण माझ्या घडणीतच खोट आहे. निरोप अर्ध्या वाटेत राहतो आणि ताटावरून उठतानाही माणसाला भूक असते.

या घरात आजोबांनी मला आपल्या दोन्ही लेकरांना दिलं. मुलगा लवकर गेला, त्याची लेक ही ढब्बी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान. ढब्बीची आई मशीनवर बसते, आत्याबाई मापं घेतात. एकीनं माप मोठ्यानं सांगायचं, दुसरीनं लिहायचं, ही तिथली रीत. ढब्बीच्या वेळी आत्याबाईंना भलताच चेव यायचा.

"लिही गं वहिनी, कंबर! टेप संपली, आता दोरी आण!"

गिऱ्हाइकं खुदखुदायची. वर आत्याबाई म्हणायच्या, "आईनंच चारून चारून फुगवलीय. आमच्या घराण्यात सगळे काटक." आजोबांची ढेरी त्या सोयीनं विसरायच्या. आईलाही हळूहळू आपलीच चूक वाटू लागली. अहो, शिव्या मला घाला की! त्या मायलेकींना का? मी आतल्या आत धुमसत होतो.

शेवटी ढब्बीनं जेवणच टाकलं आणि एक दिवस इस्त्रीच्या टेबलापाशी चक्कर येऊन पडली. आईनं तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वहिनीची खरडपट्टी निघणार म्हणून आत्याबाईही हौसेनं गेल्या.

"हे रक्तातून आलेलं असू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिचं आणि आईचं रक्त तपासू. वडील नाहीत, तर वडिलांकडचं कुणी?"

आत्याबाईंनी बाही वर केली. "घ्या माझं! होऊन जाऊ दे दूध का दूध!"

मला आनंदानं नाचावंसं वाटलं. बाई आपल्या पायानं माझ्या तावडीत आली होती.

निकाल आला. "मुलीच्या जनुकात दोष आहे. आईमध्ये तो नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यात आहे."

"माझ्यात? मग मी बारीक कशी?"

"तुमच्यात त्याचा जोर चालला नाही. बाकीची जनुकं वेगळी पडली. नशीब म्हणा. त्यात तुमची काही कर्तबगारी नाही."

आत्याबाईंचं तोंड एवढंसं झालं. मी ते डोळे भरून पाहिलं असतं, पण मला डोळे नाहीत.

"उपाशी राहून हे जाणार नाही," डॉक्टरीणबाई ढब्बीला म्हणाल्या. "जेवायचं, औषधही बघू. लाज मात्र वाटून घ्यायची नाही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई थांबली. "वन्सं, आजपासून हिच्या ताटाबद्दल तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

आत्याबाईंनी मुकाट्यानं मान हलवली. ढब्बी आईच्या कुशीत शिरून रडली.

माझं समाधान झालं म्हणता? छे! दुसऱ्याच्या घासावर डोळे वटारणारं माणूस तुमच्याही घरात असेल. त्याला म्हणावं, आधी स्वतःचं रक्त तपास. मी तिथेही वाट बघत बसलोय.